थेल्टन हेंडरसन: एका निवृत्त फेडरल न्यायाधीशाची कारकीर्द आणि लोकसेवा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थेल्टन हेंडरसन कोण?

कॅलिफोर्नियाच्या उत्तर विभागाच्या फेडरल न्यायालयात १९८० ते २०१७ अशी ३७ वर्षं न्यायदान केलेले न्यायाधीश. जन्म २८ नोव्हेंबर १९३३ चा, लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टचा, पण वाढले लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात. फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर बर्कलेला, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले, तिथे गुडघा दुखावला आणि खेळ सुटला. दोन वर्षं लष्करात काढून परत बर्कलेलाच कायद्याला आले आणि १९६२ मध्ये पदवी घेतली. कॅलिफोर्नियाचे तुरुंग, ओकलंडचे पोलीस, ट्यूनाच्या डब्यावरचं लेबल, या तिन्ही ठिकाणी त्यांच्या आदेशांचा ठसा आहे.

"डिस्ट्रिक्ट जज" म्हणजे आपल्याकडचे जिल्हा न्यायाधीश का?

नाही. मराठी बातम्यांमध्ये ही चूक सर्रास होते. आपले जिल्हा न्यायाधीश राज्याच्या न्यायव्यवस्थेत उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली काम करतात. अमेरिकेत राज्यांची न्यायालयं वेगळी आणि केंद्राची, म्हणजे फेडरल, वेगळी. फेडरल व्यवस्थेत देशाचे ९४ विभाग पाडले आहेत आणि प्रत्येक विभागातलं खटला चालवणारं पहिलं न्यायालय म्हणजे डिस्ट्रिक्ट कोर्ट. हेंडरसन यांच्या विभागात मॉन्टेरेपासून ओरेगनच्या हद्दीपर्यंतच्या १५ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, येतात. राज्यघटनेचा भंग झाला असं म्हणत एखादा कैदी राज्य सरकारविरुद्ध दाद मागतो ती बहुधा इथेच. आपल्याकडे असं गाऱ्हाणं रिट याचिकेतून थेट उच्च न्यायालयात जातं. म्हणून अधिकाराच्या वजनाने पाहिलं तर हे पद उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या जवळ जातं, फक्त साक्षीपुरावे नोंदवण्याचं कामही त्यांच्याचकडे असतं.

नेमणूक कशी झाली?

राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेटची न्यायविषयक समिती सुनावणी घेते, सिनेट मतदान करते, मग नेमणूकपत्र निघतं. जिमी कार्टर यांनी १९८० च्या मे महिन्यात हेंडरसन यांचं नाव पाठवलं आणि जून संपायच्या आत सिनेटने मंजुरी दिली. आजच्या मानाने हा वेग फारच आहे.

नागरी हक्कांच्या चळवळीशी त्यांचा संबंध काय?

१९६२ मध्ये ते केंद्रीय न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागात वकील म्हणून लागले. या विभागाने दक्षिणेकडच्या राज्यांत पाठवलेले ते पहिले कृष्णवर्णीय वकील. काम होतं मतदार नोंदणीत होणारे अडथळे आणि चळवळीवरचे हल्ले यांची माहिती जमवण्याचं. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममधल्या १६व्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये बाँबस्फोट होऊन चार मुली मारल्या गेल्या, तेव्हा तेही त्या तपासकामात होते.

सरकारी ओळखपत्र खिशात असूनही गोऱ्यांच्या हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. ते बर्मिंगहॅमच्या गॅस्टन मोटेलमध्ये उतरत आणि मार्टिन ल्यूथर किंगही तिथेच उतरत. त्याच वर्षी किंग यांना सेल्माला जायचं होतं आणि त्यांच्या गाडीवर भरवसा नव्हता. रात्रीच्या वेळी अलाबामाच्या रस्त्यावर गाडी बंद पडणं म्हणजे जिवाशी गाठ. हेंडरसन यांनी आपली भाड्याची गाडी दिली. पण भाडं सरकार भरत होतं. अलाबामाचे गव्हर्नर आणि वंशभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांच्या गोटाने त्याचा गाजावाजा केला आणि हेंडरसन यांना राजीनामा द्यावा लागला.

मग लोकसेवा कधी सुरू झाली, निवृत्तीनंतर?

नाही, न्यायाधीश होण्याच्या कितीतरी आधी. ओकलंडमध्ये थोडा काळ खासगी वकिली केल्यावर १९६६ पासून त्यांनी ईस्ट पालो आल्टोमध्ये विधी सहाय्य कार्यालय चालवलं. ही वस्ती स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अगदी शेजारची, पण तेव्हा तिथे स्वतःची नगरपालिकाही नव्हती, ती १९८३ मध्ये झाली. बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय आणि कारभार मात्र काउंटीच्या हातात.

अशा कार्यालयाची गरज का पडते हे नीट समजून घ्यायला हवं. फौजदारी आरोपीला सरकारी खर्चाने वकील देणं राज्यांवर बंधनकारक आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये दिला. दिवाणी कामात तसा हक्क नाही. घरमालक घराबाहेर काढतो आहे, हप्त्यावर घेतलेलं सामान सावकार उचलून नेतो आहे, सरकारी मदत अचानक बंद झाली आहे, यांतलं एकही प्रकरण फौजदारी नाही आणि गरीब कुटुंब उघड्यावर येतं ते नेमकं अशाच प्रकरणांत. १९६५ पासून केंद्र सरकारच्या गरिबी निर्मूलन मोहिमेतून वस्तीपातळीवरच्या विधी सहाय्य कार्यालयांना पैसा मिळू लागला आणि ही पोकळी थोडी भरली.

तिथून ते स्टॅनफर्डच्या लॉ स्कूलमध्ये सहाय्यक अधिष्ठाता झाले आणि १९७७ पर्यंत राहिले. अल्पसंख्य समाजांतले विद्यार्थी शोधून आणायचे आणि ते टिकतील अशी व्यवस्था करायची, हे त्यांचं मुख्य काम.

पेलिकन बे तुरुंगाच्या खटल्यात नेमकं काय ठरलं?

पेलिकन बे हा कॅलिफोर्नियाच्या वायव्य टोकाला, क्रेसंट सिटीजवळ १९८९ मध्ये सुरू झालेला कडेकोट तुरुंग. त्यातल्या एकांतकोठडी विभागात कैदी ८० चौरस फुटांच्या, खिडकी नसलेल्या खोलीत दिवसाचे साडेबावीस तास काढत. १९९५ च्या जानेवारीत हेंडरसन यांनी मॅड्रिड विरुद्ध गोमेझ या खटल्याचं प्रदीर्घ निकालपत्र दिलं. अवाजवी बळाचा वापर, वैद्यकीय सेवेची दैना आणि मानसोपचाराचा अभाव या तिन्ही बाबतींत राज्यघटनेचा भंग सिद्ध झाला. एका मनोरुग्ण कैद्याला कढत पाण्याच्या टबात बसवून भाजल्याची घटना त्यात पुराव्यासकट नोंदली आहे.

लोक गफलत करतात ती पुढच्या मुद्द्यावर. एकांतकोठडी सगळ्यांसाठीच घटनाबाह्य, असं त्यांनी म्हटलेलं नाही. आधीच मानसिक आजार असलेल्यांना किंवा तिथे ठेवल्याने तो उद्भवण्याचा मोठा धोका असलेल्यांना ठेवणं घटनाबाह्य, एवढंच ठरलं. दम्याच्या रोग्याला श्वासापुरतीही हवा नसलेल्या जागी ठेवण्यासारखं हे आहे, अशी उपमा त्यांनी दिली. बाकीच्या कैद्यांसाठी हीच कोठडी माणसाला सोसवेल त्याच्या सीमेवर आहे, पण पुराव्यावरून ती सीमा ओलांडली असं म्हणता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. आजही हे निकालपत्र वाचावं ते यासाठी की पुरावा थांबतो तिथे निकालही थांबतो.

तुरुंगातली आरोग्यसेवा न्यायालयाने ताब्यात घेतली म्हणजे काय केलं?

हे प्रकरण प्लाटा या नावाने ओळखलं जातं. दावा २००१ चा. २००२ मध्ये राज्याने तडजोड मान्य केली: नव्या वैद्यकीय कार्यपद्धती २००३ मध्ये सात तुरुंगांत लागू करायच्या, मग दरवर्षी आणखी पाच तुरुंगांत. कागदावर आराखडा सुरेख होता, पण पहिल्या सातांतही तो उभा राहिला नाही. पगार इतके कमी की डॉक्टर मिळत नव्हते, जे होते त्यांच्यावर देखरेख नव्हती, रुग्णांच्या फायली वेळेवर सापडत नव्हत्या. आदेश पाळायची सरकारची इच्छा असली तरी तो पाळणारी यंत्रणाच खात्याकडे नव्हती.

२००५ च्या फेब्रुवारीत हेंडरसन स्वतः सॅन क्वेंटिन तुरुंग पाहायला गेले. तिथल्या मुख्य तपासणी खोलीत हात धुवायला सिंक नव्हतं आणि जंतुनाशक जेलही नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी निष्कर्ष लिहिले, त्यातलं एक वाक्य जगभर गेलं: वैद्यकीय सेवेतल्या त्रुटींमुळे कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत दर सहा-सात दिवसांनी एक कैदी टाळता आला असता अशा मरणाने मरतो.

मग रिसीव्हर नेमला गेला. आपल्याकडे बुडीत कारखान्यावर किंवा सहकारी बँकेवर प्रशासक बसतो, साधारण तसाच प्रकार, पण राज्याच्या अख्ख्या तुरुंग आरोग्य विभागावर. वैद्यकीय बाबींपुरते खात्याच्या प्रमुखाचे अधिकार काढून रिसीव्हरला दिले: भरती, बडतर्फी, पगार, खरेदी, कंत्राटं. राज्याचा एखादा कायदा किंवा नियम आड आला तर तेवढ्यापुरती सूट न्यायालयाकडून मागायची सोय ठेवली. पहिले रिसीव्हर रॉबर्ट सिलन यांनी १७ एप्रिल २००६ रोजी सूत्रं घेतली, जानेवारी २००८ पासून जे. क्लार्क केल्सो आले. सुरुवातीच्या मोठ्या निर्णयांत डॉक्टर-परिचारिकांची पगारवाढ होती. जागा रिकाम्या असताना बाकी कुठलीही सुधारणा टिकत नाही, म्हणून तिला अग्रक्रम.

त्यांनी चाळीसेक हजार कैदी सोडून दिले, हे खरं का?

खरं नाही. एकट्याने तर नाहीच. १९९६ च्या एका कायद्याने कैद्यांची संख्या कमी करण्याचा आदेश एकट्या न्यायाधीशाच्या हातात ठेवलेला नाही. आधी सौम्य आदेश देऊन पाहायचे, पालनाला पुरेसा वेळ द्यायचा, ते फसले तरच तीन न्यायाधीशांचं पीठ बसवायचं. गर्दी हेच मुख्य कारण आहे आणि दुसरा कुठलाही उपाय पुरणार नाही, हे त्या पीठापुढे भक्कम पुराव्याने सिद्ध व्हावं लागतं. शिवाय सार्वजनिक सुरक्षेवर काय परिणाम होईल हेही तोलायचं. या पीठात हेंडरसन यांच्यासोबत लॉरेन्स कार्लटन आणि स्टीव्हन राइनहार्ट होते. कार्लटन यांच्यापुढे कैद्यांच्या मानसोपचाराचा वेगळा खटला आधीपासून चालू होता.

आकडे असे: तुरुंगांची रचना सुमारे ८०,००० कैद्यांसाठी, आत सुमारे १,५६,०००. पीठाने २००९ मध्ये मर्यादा घातली ती रचनेच्या १३७.५ टक्क्यांची, म्हणजे साधारण १,१०,०००. शंभर जणांसाठी बांधलेल्या इमारतीत तरीही १३७ माणसं राहणारच होती. आदेश रिकाम्या तुरुंगांचा नव्हता, कमी खच्चून भरलेल्या तुरुंगांचा होता.

२३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायम केला. निकालपत्र अँथनी केनेडी यांचं, जे स्वतः कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचे. त्याला फोटो जोडलेले आहेत: व्यायामशाळेत ओळीने लावलेले मजली पलंग आणि उभे पिंजरे. ५४ कैद्यांमध्ये एक शौचालय, हाही तपशील त्यात आहे.

कोणाला कमी करायचं हे न्यायालयाने सांगितलं नाही, ते राज्यावर सोडलं. राज्याने १ ऑक्टोबर २०११ पासून कमी गंभीर, अहिंसक गुन्ह्यांतल्या नव्या कैद्यांना राज्याच्या तुरुंगांऐवजी काउंटीच्या कारागृहांत पाठवायला सुरुवात केली. २०१४ च्या सार्वमतातून काही गुन्ह्यांची शिक्षाही सौम्य झाली. २०१५ च्या सुरुवातीला संख्या मर्यादेखाली आली. काउंट्यांच्या कारागृहांवर मात्र ताण वाढला, हे नाकारता येत नाही.

ओकलंड पोलिसांच्या प्रकरणाला इतकी वर्षं का लागली?

२००० मध्ये पश्चिम ओकलंडमधल्या चार पोलिसांवर लोकांना मारहाण करण्याचे आणि खोटे पुरावे ठेवण्याचे आरोप झाले. ११९ वादींनी दावा लावला. २००३ मध्ये तडजोड झाली, १ कोटी ९ लाख डॉलर भरपाई आणि सुधारणांची पन्नासेक कामं. त्यातलं एक उदाहरण घ्या: गस्तीवर दर आठ पोलिसांमागे एक सार्जंट. वाचायला सोपं वाटतं. पण सार्जंट रजेवर गेला, दुसरीकडे बदलीवर पाठवला, रात्रपाळीत माणूस कमी पडला की प्रमाण मोडतं आणि त्याच पाळीत काही घडलं तर कोणाच्या नजरेखाली घडलं हे सांगायला कोणी उरत नाही. नियम लिहिणं, तो पाळला जाणं आणि पाळला गेल्याची नोंद तपासता येणं, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पाच वर्षांत आटपेल अशा अपेक्षेने घेतलेली देखरेख दोन दशकांपलीकडे गेली ती दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर अडल्यामुळे. २०१२ च्या अखेरीस खास अधिकार असलेला अनुपालन संचालक, म्हणजे आदेश पाळून घेणारा अधिकारी, नेमायचं ठरलं. तुरुंगांच्या रिसीव्हरपेक्षा एक पायरी अलीकडचा हा उपाय.

डॉल्फिनचा खटला कोणता?

पूर्व प्रशांत महासागरात ट्यूना मासे डॉल्फिनच्या कळपाखाली पोहतात. मच्छीमार डॉल्फिन पाहून भोवती प्रचंड जाळं टाकत आणि डॉल्फिनही अडकून मरत. अमुक प्रमाणापेक्षा जास्त डॉल्फिन मारणाऱ्या देशांचा ट्यूना घेऊ नये, असा अमेरिकेचा कायदाच होता, पण अंमल होत नव्हता. १९९० मध्ये हेंडरसन यांनी तो करायला लावला. मेक्सिकोने गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या व्यवस्थेकडे तक्रार केली. व्यापार आणि पर्यावरण यांच्यावरच्या वादांत तो तंटा आजही उद्धृत होतो. पुढे डब्यावरच्या "डॉल्फिन-सेफ" लेबलची व्याख्या सैल करण्याचा सरकारचा प्रयत्नही त्यांनी रोखला आणि अपिलात तो निर्णय टिकला.

त्यांचे निकाल वरच्या न्यायालयात उलटले का?

हो, आणि सर्वांत गाजलेला उलटला. नोव्हेंबर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव २०९ मंजूर केला. सरकारी नोकऱ्या, कंत्राटं आणि प्रवेश यांत वंश किंवा लिंगावरून प्राधान्य देण्यावर त्याने बंदी आली. हेंडरसन यांनी डिसेंबरमध्ये अंमलबजावणीला तात्पुरती मनाई दिली, एप्रिल १९९७ मध्ये अपील न्यायालयाने ती उठवली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्वतःच्या तशाच धोरणामुळे बर्कलेच्या लॉ स्कूलला १९९७ च्या शरद ऋतूत फटका बसला: पहिल्या वर्षाच्या वर्गात एकच कृष्णवर्णीय विद्यार्थी, तोही आदल्या वर्षीचा प्रवेश पुढे ढकलून आलेला. १९९९ मध्ये त्याच लॉ स्कूलमध्ये सामाजिक न्यायाचं केंद्र उभं राहिलं, पुढे त्याला हेंडरसन यांचं नाव दिलं गेलं.

"सीनियर" झाले म्हणजे निवृत्त झाले का?

नाही. अमेरिकेत फेडरल न्यायाधीशाला निवृत्तीचं वय नाही, नेमणूक तहहयात. काढायचं तर महाभियोग, आणि आजवर केवळ आठ न्यायाधीश त्या मार्गाने दूर झाले आहेत. मात्र वय ६५ ते ७० च्या दरम्यान, किमान दहा वर्षं सेवा आणि वय-सेवेची बेरीज ८० झाली की दोन वाटा खुल्या होतात.

पहिली, पद सोडायचं. त्या दिवशीचा पगार आयुष्यभर मिळतो, पण पुढच्या वाढी नाहीत. वकिली, लवादाचं काम करायला मोकळीक. दुसरी, सीनियर व्हायचं. पद राहतं, जागा रिकामी धरून राष्ट्राध्यक्ष नवा माणूस नेमू शकतात आणि पगारवाढ मिळत राहावी म्हणून सक्रिय न्यायाधीशाच्या किमान तीन महिन्यांइतकं काम वर्षाला करावं लागतं. वकिली चालत नाही.

हेंडरसन १९९० ते १९९७ विभागाचे मुख्य न्यायाधीश होते, तिथले पहिले कृष्णवर्णीय. २८ नोव्हेंबर १९९८ ला, म्हणजे बरोबर ६५ व्या वाढदिवशी, ते सीनियर झाले: ६५ अधिक १८, बेरीज ८३. प्लाटा आणि ओकलंड ही दोन्ही अजस्र कामं त्यानंतरची. काम पूर्ण थांबवलं ते ऑगस्ट २०१७ मध्ये, ८३ व्या वर्षी, आणि मग ते बर्कलेच्या विद्यार्थ्यांमध्ये परतले.

पदावर असताना न्यायाधीशाला समाजकार्य करता येतं का?

येतं, पण आचारसंहितेच्या चौकटीत. शिकवणं, व्याख्यान, सेवाभावी संस्थेच्या मंडळावर बसणं चालतं, मात्र ती संस्था वारंवार न्यायालयात येणारी नको. संस्थेसाठी देणग्या मागणं चालत नाही. देणगी-भोजनाला जाऊन बसता येतं, पण तिथे मुख्य वक्ता किंवा सत्कारमूर्ती होता येत नाही, कारण देणगीदार वकिलाला उद्या त्याच न्यायाधीशासमोर उभं राहायचं असतं. घोटाळा बहुतेकदा निमंत्रणपत्रिकेवर होतो. संस्था उत्साहाने नाव मोठ्या अक्षरांत छापते आणि न्यायाधीशाला ऐनवेळी नकार कळवावा लागतो. म्हणून पत्रिका छापण्याआधी मजकूर दाखवावा. राजकीय प्रचार आणि पक्षाला देणगी, दोन्ही पूर्ण बंद.

आपल्याकडचे नियम कसे वेगळे आहेत?

उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२ व्या आणि सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. अनुच्छेद २२० नुसार मुंबई उच्च न्यायालयाचे कायम न्यायमूर्ती निवृत्तीनंतर सर्वोच्च न्यायालयात किंवा दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयात वकिली करू शकतात, मुंबईत नाही. गोव्याचं खंडपीठही मुंबई उच्च न्यायालयाचंच, म्हणून तिथेही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना देशात कुठेच नाही. विधी सहाय्यात मात्र आपला कायदा अमेरिकेपेक्षा उदार आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, बालकं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट न लावता, दिवाणी कामातसुद्धा, मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा किंवा तालुका न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात द्यायचा.

त्यांचे मूळ आदेश वाचायचे तर कुठे?

फेडरल न्यायालयांची कागदपत्रं ठेवणाऱ्या सरकारी पेसर या ऑनलाइन प्रणालीवर खातं उघडावं. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलर किंवा कमी असेल तर माफ. त्याआधी कोर्टलिसनर ही मोफत साइट पाहावी, गाजलेले आदेश बहुधा तिथे मिळतात. शोध नावाऐवजी खटल्याच्या क्रमांकाने घ्यावा: पेलिकन बे सी९०-३०९४, ओकलंड सी००-४५९९, प्लाटा सी०१-१३५१. क्रमांकाच्या शेवटी न्यायाधीशाच्या नावाची आद्याक्षरं असतात, हेंडरसन यांची टीईएच. २०१७ नंतरच्या कागदांवर ती दिसली नाहीत म्हणून खटला संपला असं समजू नये. प्लाटा जॉन टायगर यांच्याकडे गेला, तिथे जेएसटी लागतं. ओकलंड विल्यम ऑरिक यांच्याकडे गेला, तिथे डब्ल्यूएचओ. आकडे तेच राहतात.